टाकीत उतरताना

आमच्या घरात 'टाकी' म्हटलं की पाण्याची टाकी कुणाच्या मनात यायची नाही. मुंबईत घोडपदेवच्या चाळीत पाणी पहाटे यायचं आणि पिंपात भरलं जायचं. टाकी म्हणजे जहाजाची. "आज टाकीत काम आसा," असं बाबा सकाळी चहा घेताना म्हणाले की आईचं लाटणं थांबायचं. ती बोलायची काही नाही. डब्यात एक चपाती जास्त घालायची, एवढंच.

बाबा गॅसकटर होते, गॅसच्या ज्योतीने लोखंडी पत्रा कापणारे. माझगाव ते दारूखाना या पट्ट्यात जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका खासगी वर्कशॉपमध्ये त्यांनी 31 वर्षं काढली. त्यांच्या अंगाला गंजाचा वास असायचा आणि तो साबणाने जात नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना हा वास येतो.

जहाजाच्या पोटात टाक्याच टाक्या असतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तेलाच्या, गोड्या पाण्याच्या, आणि रिकामं जहाज फार डोलू नये म्हणून ज्यांत समुद्राचं पाणी भरतात त्या बॅलास्टच्या. प्रत्येक टाकीला वरून एक मॅनहोल, माणूस खांदे आवळून जाईल एवढंच. आत उभी शिडी आणि अंधार. बाबा सांगायचे, भरलेली टाकी परवडली, रिकामी वाईट. तेलाने काठोकाठ भरलेल्या टाकीत ठिणगीला पेटायला हवा मिळत नाही. तेल उपसलं की भिंतींना जी ओल राहते तिची वाफ होते, ती हवेत मिसळते, आणि मग ती टाकी बॉम्बसारखी होते. पेट्रोलची वाफ हवेत शंभरात दोन भाग असली तरी पुरते. आणि जिथे तेलाचा थेंबही कधी पडलेला नाही अशी बॅलास्टची टाकी खूप दिवस बंद राहिली, तर तिथला गंज हळूहळू हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. झाकण उघडल्यावर काही दिसत नाही, कसला वास येत नाही. उतरणाऱ्याला आपण गुदमरतोय हेही कळत नाही. पाय शिडीवरून सुटतो, बस्स.

"माणसाच्या आधी वारो गेलो पायजे," हे बाबांचं वाक्य. आधी ब्लोअर लावून टाकीत हवा खेळवायची, मीटरने तपासायचं, टाकीत घातक वायू नाही असा गॅस-फ्रीचा कागद हातात घ्यायचा, मग उतरायचं. आणि मॅनहोलच्या तोंडाशी एक माणूस उभा राहिलाच पाहिजे. त्याने आत जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. त्याचं काम हाक मारत राहायचं.

1989 च्या पावसाळ्यात बाबा तसे एका मॅनहोलपाशी उभे होते. आत उतरले होते ते आमच्या शेजारच्या खोलीतले काका. त्यांच्याच वर्कशॉपमधले, आमच्याच बाजूच्या गावचे. ब्लोअर दुसऱ्या जहाजावर अडकला होता. तो येईपर्यंत नुसतं बघून या, असं वरून सांगण्यात आलं. काका उतरले. बाबांनी हाक मारली, काकांनी ओ दिली. दुसऱ्या हाकेला ओ आली नाही. बाबांनी एक पाय आत टाकला होता, तेवढ्यात मुकादमाने त्यांना कॉलरला धरून मागे ओढलं. बंद टाकीत वाचवायला धावलेला माणूसही पहिल्याच्या अंगावर जाऊन पडतो, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. श्वासाचे सिलिंडर लावून दोघंजण उतरेपर्यंत उशीर झाला होता.

हे मला आईने सांगितलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर. बाबा कधी बोलले नाहीत. फक्त त्या पावसाळ्यापासून एक झालं. घरातलं कुणीही मोरीत अंघोळीला गेलं आणि दार लागलं, की थोड्या वेळाने बाहेरून हाक यायची, "आसंस मा गो?" आणि आतून ओरडायचं, "आसंय!" डोक्याला शिकेकाई चोळलेली असो, परीक्षेची घाई असो, माझ्या लग्नाची सकाळ असो. ओ दिली नाही तर ते दार ठोठावायचे. आम्हा भावंडांना त्याचा राग यायचा. का हाक मारतात हे कळल्यावर आम्ही जरा मोठ्याने ओ द्यायला लागलो.

गेल्या जूनमध्ये मी पाठीवर टाकी बांधून एका जहाजावर उतरले. बुडालेल्या जहाजावर. डायव्हिंग करणारी मराठी माणसं सिलिंडरला सर्रास 'टाकी' म्हणतात. तारकर्लीला पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने "ताई, टाकी उचला" म्हटलं तेव्हा मी क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिले होते.

तारकर्लीचं फार सांगत नाही. आमचं गाव मालवणजवळ, बाबा निवृत्त झाल्यावर तिथेच राहतात, आणि मी वयाच्या 39 व्या वर्षी एका डिसेंबरात तिथे पोहणं सोडून श्वास घ्यायला शिकले. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं माल्टात राहायला मिळालं. सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात पिवळ्या दगडाचा एवढासा देश. तिथली भाषा अरबीच्या कुळातली, लिहितात मात्र रोमन लिपीत. समुद्राला ते 'बहर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा शब्द मला आपलाच वाटला, आंब्याच्या मोहराशेजारी बसणारा, आणि अजूनही तो मला तसाच ऐकू येतो.

तिथल्या ग्रँड हार्बरमध्ये बोटीतून फिरताना मी गोद्याच बघत बसले. दगडात खोदलेल्या सुक्या गोद्या, क्रेन, पत्र्यावर पडणारे घण. वास तोच. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं 'एशिया' हे मोठं लढाऊ जहाज, 1824 साली पाण्यात उतरलेलं, तीनच वर्षांनी ग्रीसजवळच्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचं ध्वजजहाज होतं, आणि हा ताफा माल्टात नांगर टाकायचा. मुंबईच्या सुतारांच्या रंध्याखालून गेलेलं लाकूड या बंदरात येऊन उभं राहिलं होतं, हे कळल्यावर मला ते बंदर परकं वाटेनासं झालं.

त्याच गोद्यांमध्ये 'उम अल फरूद' मेलं. तेलवाहू जहाज, 1969 साली इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोला बांधलेलं, लिबियाच्या मालकीचं, दहा हजार टनांचं, लांबीला शंभर मीटरहून जास्त. इटली आणि लिबिया यांच्यामध्ये तेल वाहायचं हे त्याचं आयुष्य. अरबीत 'उम' म्हणजे आई. 1995 च्या फेब्रुवारीत ते दुरुस्तीसाठी माल्टाच्या तीन नंबरच्या गोदीत होतं. 3 फेब्रुवारीच्या रात्री त्याच्या मधल्या एका टाकीत साचलेल्या वायूचा स्फोट झाला. गोदीतले नऊ कामगार गेले. जहाजाचा सांगाडा असा पिळवटला की पुन्हा पाण्यावर चालवण्याच्या लायकीचं ते उरलं नाही. पुढची तीन वर्षं ते तिथे नुसतं पडून होतं. मग त्याला आतून स्वच्छ केलं, ओढत बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नेलं, आणि 2 सप्टेंबर 1998 ला विएद इझ-झुरिए नावाच्या कोळ्यांच्या खाडीसमोर मुद्दाम बुडवलं, डायव्हर्सना बघता यावं म्हणून.

डायव्ह सेंटरच्या भिंतीवर या जहाजाचं चित्र लावलेलं होतं. कुठून आत शिरायचं, कुठे किती खोल, सगळं दाखवलेलं. त्याखाली चार ओळी. "स्फोटात नऊ कामगारांचा मृत्यू" ही ओळ मी वाचली आणि पुन्हा वाचली. वाचताना मी टाकीचा व्हॉल्व्ह घट्ट करत होते. हात थांबला. आईचं लाटणं थांबायचं, तसा.

मुद्दाम बुडवलेल्या जहाजांबद्दल माझं मत आधी फारसं चांगलं नव्हतं. समुद्रात भंगार टाकायचं आणि त्याला उद्यान म्हणायचं, असं वाटायचं. मग वाचत गेले. जहाज नुसतं बुडवत नाहीत. आधी महिनोन् महिने ते सोलतात. इंधन, वंगण, तारा, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग, सुटू शकेल असं सगळं काढतात. दारं काढतात, म्हणजे आत गेलेल्याच्या मागे एखादं दार लागायला नको. जागोजाग पत्रा कापून मोठी भोकं पाडतात. पाणी सगळीकडून सारखं शिरावं हे एक कारण, आणि आत गेलेल्या माणसाला कुठूनही उजेड दिसावा, बाहेर पडायची वाट हाताशी असावी, हे दुसरं. एवढं करूनही समुद्र आपल्याला हवं तेच करतो असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की लार्गो' या बेटाजवळ 'स्पीगल ग्रोव्ह' नावाचं 155 मीटरचं नौदलाचं जहाज 2002 च्या मेमध्ये बुडवायचं होतं. ते ठरल्या वेळेआधीच कलंडलं, उलटं झालं आणि नाक पाण्याबाहेर काढून अडकून राहिलं. पुढे बऱ्याच खटपटीने ते पूर्ण बुडवलं तर कुशीवर आडवं झालं. तीन वर्षांनी डेनिस चक्रीवादळ आलं आणि त्या वादळाने ते तळावर सरळ उभं केलं. माणसांना जे साधलं नाही ते.

आपल्याकडेही हे येऊ घातलं आहे. 'आयएनएस गुलदार' हे पोलंडमध्ये बांधलेलं, रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं नौदलाचं जहाज 1985 पासून सेवेत होतं. 2024 च्या जानेवारीत पोर्ट ब्लेअरला ते निवृत्त झालं आणि सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ बुडवायचं ठरलं. बाबांच्या गावापासून निवती फार लांब नाही. गावातले रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे कोळी, सांगतात, पाण्याखाली काहीही पडलं की मासा त्याच्या आडोशाला येतो, त्याला शास्त्रज्ञाने सांगावं लागत नाही. तो मासा नव्याने वाढतो की आजूबाजूचाच येऊन तिथे गोळा होतो, यावर मात्र शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, आणि तो प्रश्न रापणकरांच्या दृष्टीने लहान नाही. गोळा होत असेल तर तो आधी ज्याच्या जाळ्यात यायचा त्याचं काय? जहाज बुडवण्याआधी हे त्या लोकांशी बसून बोललं पाहिजे असं मला वाटतं.

पण भिंतीवरच्या त्या ओळीपाशी उभी असताना माझ्या मनात मासे नव्हते. मला दिसत होती ती कापलेली भोकं. ज्या टाक्यांत माणसांना रोजी कमवायला एका अरुंद मॅनहोलमधून उतरावं लागतं, त्याच जातीच्या जहाजांत सुट्टीला आलेल्या आमच्यासारख्यांसाठी पावलोपावली दारं उघडून ठेवतात. हे चांगलंच आहे. डायव्हर्सचे जीव वाचतात. तरीही मी त्या दिवशी डायव्हला जायचं रद्द केलं. गाइडला सांगितलं, सर्दी आहे.

तीन आठवड्यांनी गेले.

विएद म्हणजे दरी. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे आणि मध्ये जेमतेम चार होड्या मावतील एवढी पाण्याची चीर. समोर समुद्रात फिलफ्ला नावाचं एकटं बेट. ब्रिटिशांनी 1971 पर्यंत ते तोफा आणि बॉम्ब यांचा नेम धरायला वापरलं. आता तिथे पक्षी आहेत आणि माणसांना जायला बंदी. कोळ्यांच्या निळ्या-पिवळ्या होड्यांना पुढे दोन डोळे रंगवलेले. मालवणात होडीला हळदकुंकू लावतात ते आठवलं.

माझा गाइड साठीचा माल्टीज गृहस्थ. फार बोलत नाही. जमिनीवर पाणी ओतून त्याने ओल्या बोटाने जहाजाचा आकार काढला. जहाज पूर्वी अखंड होतं, एका हिवाळी वादळात त्याचे दोन तुकडे झाले. तळ 36 मीटरवर, वाळू. डेक 25 च्या आसपास. माझी परवानगी 30 मीटरपर्यंतची, म्हणून वाळूला हात लावायचा नाही. बंद जागेत जायचं नाही. "एका ठिकाणी आपण थांबू," तो म्हणाला. "मी नेहमी थांबतो." कुठे ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक हिशेब मात्र त्याने माझ्याकडून करून घेतला. 12 लिटरची टाकी, 200 बार दाबाची, म्हणजे हवा 2400 लिटर. वर जमिनीवर मला मिनिटाला साधारण 20 लिटर लागते. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एकेका वातावरणाने वाढतो, म्हणून 30 मीटरवर तीच छाती भरायला चौपट हवा लागते, मिनिटाला 80 लिटर. आणि परत येण्यासाठी राखून ठेवायची ती वेगळी. तिथे थांबायला मिळणार फार तर वीस मिनिटं. शाळेत असताना बाबा मला असेच हिशेब घालायचे. एवढ्या लांबीची, एवढ्या रुंदीची टाकी, ब्लोअर मिनिटाला एवढी हवा टाकतो, तर टाकीतली हवा किती वेळात बदलेल? मी उत्तर सांगायचे. ते म्हणायचे, त्याच्या दुप्पट वेळ थांबायचं.

किनाऱ्यावरून आम्ही निळ्या पाण्यावर पोहत निघालो. वर 22 अंश, पण दहाएक मीटर खाली गेल्यावर थंडीची एक कड ओलांडावी लागते आणि कपाळ ठणकतं. आधी कड्याचा उतार, समुद्रगवताचे हिरवे गालिचे, मग काहीच नाही. नुसता निळा रंग. त्या रंगात डोळ्यांना धरायला काही नसतं. फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, आत घेताना शिट्टीसारखा आणि सोडताना बुडबुड्यांचा. गाइडने मागे वळून अंगठा आणि तर्जनी जुळवली. ठीक? मीही जुळवली. ठीक.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून ही एक खूण प्रश्नालाही चालते आणि उत्तरालाही. विचारणाऱ्याने करायची आणि तीच समोरच्याने परत करायची. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, तरी नाही आलं तर जवळ जायचं. तारकर्लीला ही खूण शिकवली तेव्हा बाकीचे चौघं पाठ करत होते. मला ती पाठ करावी लागली नाही. घोडपदेवच्या मोरीच्या दारातून ती मी हजारदा केली होती.

मग निळ्यात एक गडद डाग उमटला. आधी वाटलं ढगाची सावली. तो वाढत गेला, त्याला कडा आल्या, कठडे आले, शिड्या आल्या. जहाज असं एकदम समोर येतं तेव्हा छातीत काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही. मी गोदीत जहाजं खालून पाहिली होती, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून. तेव्हाही ती आकाशाएवढी वाटायची. हे वरून पाहत होते. पक्ष्याने घर पाहावं तसं. एवढं मोठं काम, एवढे जोड, आणि प्रत्येक जोडामागे कुणाचा तरी हात.

आम्ही मागच्या बाजूने वरच्या मजल्यांवर आलो. खिडक्यांना काचा नाहीत, चौकटींतून लहान काळे मासे थव्याने आत-बाहेर करत होते. जहाज चालवायची खोली रिकामी. दोन्ही बाजू उघड्या, पलीकडचा निळा उजेड सरळ दिसत होता, म्हणून गाइडने मला तिथून आरपार जाऊ दिलं. चौकटीला हात न लावता पोहत गेले. धुराड्याच्या आडोशाला बराकुडा माशांचा एक मोठा थवा चांदीच्या पट्ट्यांसारखा स्थिर उभा होता. हे सुंदर होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. मी ज्या मनाने गेले होते त्या मनाला ते सौंदर्य बोचलं, पण डोळे हटले नाहीत.

खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. पाच-सात मीटरपासूनच तो विझायला लागतो, 25 मीटरवर सगळं निळं-करडं. डेकवर पोचल्यावर मी टॉर्च लावला. उजेडाच्या त्या ताटाएवढ्या वर्तुळात एकदम गंज पेटला. लाल, नारिंगी, तपकिरी. त्यावर स्पंजचे ठिपके. पत्र्याच्या कडेला पापुद्रे सुटलेले. बाबांच्या खिशातून, विजारीच्या दुमडीतून निघायचे तसलेच. आई ते पापुद्रे केरसुणीने गोळा करायची. टॉर्च हलवला की तिथला गंज विझायचा आणि दुसरीकडे पेटायचा. मी बराच वेळ तेच करत राहिले.

मग तो तुटलेला भाग आला. जहाज जिथे मोडलं तिथे त्याचं पोट उघडं पडलं आहे. फासळ्यांसारखे उभे-आडवे पत्रे, ताणून फाटलेल्या कडा. मी एकोणतीस मीटरवर होते. खाली वाळू दिसत होती. समोर, पाच-सहा मीटरवर, टाकी होती. स्फोट झालेली नेमकी तीच होती का, हे मी विचारलं नाही. चौकोनी, उंच, आतून काळी, एक भिंत नसलेली. आयुष्यभर ऐकलेली टाकी मी पहिल्यांदा आतून पाहत होते. शिडी होती का हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही याची मला चुटपुट लागून राहिली आहे, कारण बाबांनी पुढे पहिल्यांदा तेच विचारलं.

खोलवर नायट्रोजन माणसाला थोडी गुंगी आणतो. काहींना हसू येतं, काहींना भीती वाटते. मला त्या टाकीत जावंसं वाटलं. फार शांतपणे, जणू कुणी बोलावतंय आणि जाऊन यायला मिनिट लागेल. मी पायातल्या फिन्सचा एक फटका मारला असेन. माझ्या दंडाला हात लागला. गाइड शेजारी आला होता. त्याने दंड सोडला नाही, ओढलंही नाही. दुसऱ्या हाताने खूण केली. ठीक? मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने पुन्हा केली. मग मी उत्तर दिलं.

तो मला तिथून डेकवर घेऊन गेला, आणि थांबला तो स्मृतिफलकापाशी. नऊ जणांच्या आठवणीसाठी लावलेला. त्याने हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्यावर ठेवला. एका हाताने फलकावरचा गाळ हलक्याने झटकला, आपण घरच्या फोटोवरची धूळ झटकतो तसा. मी शेजारी तरंगत राहिले. काय करावं सुचेना म्हणून नऊ श्वास मोजले. तिथला एकेक श्वास वरच्या साडेतीन श्वासांएवढा. प्रत्येक श्वास पूर्ण आत घेतला, पूर्ण सोडला. बुडबुडे वर जाताना मोठे होत गेले आणि जहाजाच्या कठड्याला वळसा घालून दिसेनासे झाले. आमच्या काकांच्या नावाचा फलक कुठेच नाही. त्या मॅनहोलचं झाकण दुसऱ्याच दिवशी परत बसवलं होतं, असं आई सांगायची. मी एक श्वास जास्त घेतला.

मग हळूहळू वर. शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून. घाई करून चालत नाही. वर सूर्य हलत होता, खाली जहाज पुन्हा ढगाची सावली झालं होतं. मीटरवर 70 बार शिल्लक.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा आता 78 वर्षांचे आहेत. ऐकू थोडं कमी येतं, म्हणून ओट्यावर येऊन फोन स्पीकरवर ठेवतात आणि मागे गाडग्या-मडक्यांचा, कोंबड्यांचा आवाज येत राहतो. मी सांगितलं, तेलाच्या जहाजावर गेले होते. दुरुस्तीला आलेलं, टाकीत स्फोट झालेलं. नऊ माणसं.

बराच वेळ नुसत्या कोंबड्या.

"टाकीत उतरलंस काय गो?"

"नाही बाबा. बाहेरून बघितली."

"शिडी होती?"

"आठवत नाही."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पत्रा बाहेरच्या बाजूला वाकलाय की आतल्या? डेक कुठून उचललाय? जोड उसवलेत की पत्राच फाटलाय? मला जेवढं दिसलं तेवढं सांगत गेले. मी त्यांना असं जहाज बुडवण्याआधी दारं काढतात, पत्रा कापून सगळीकडून भोकं पाडतात, हेही सांगितलं. लोकांना जाता-येता यावं म्हणून.

"भोकां पाडतत?"

"हो. मोठी मोठी. दोन्ही बाजूंनी."

"ती आधी पाडूक व्हयी होती," बाबा म्हणाले.

पत्र्याचं काम जाणणारा माणूस असं म्हणणार नाही. तेलाच्या टाकीला भोकं पाडून जहाज चालत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत आहे. तरी ते म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

"आणि भायर कोण होतो?"

बाहेर असं कुणी नव्हतं, सगळेच पाण्यात होतो. पण मला कळलं त्यांना काय विचारायचं आहे. मी गाइडबद्दल सांगितलं. टाकीसमोर माझं भान थोडं सुटलं तेही सांगितलं, जे मी नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. त्याने दंड धरला आणि दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा मी उत्तर दिलं, हे सांगितलं. बाबांनी त्याचं वय विचारलं. मुलंबाळं आहेत का विचारलं. मला माहीत नव्हतं.

"तेका सांग," बाबा म्हणाले, "बरां केलंस म्हणान."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायव्ह सेंटरवर गेले. तो कॉम्प्रेसरपाशी उभा होता. माझे वडील गोदीत काम करायचे आणि त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, असं इंग्रजीत सांगितलं. 'बरां केलंस' ला काय म्हणायचं ते मला नीट सापडलं नाही, म्हणून जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्याने ते शब्द एकदा पुटपुटून बघितले, मान हलवली, आणि पुढच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला.